सुई, घोडा आणि तीन हजार वर्षे

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. गावठी, अंगाने थोराड, स्वभावाने गरीब. तेराव्या वर्षी त्याचे मागचे पाय धरले. सकाळी उठताना तो आधी पुढच्या पायांवर उभा राहायचा आणि मग मागचा भाग ओढत ओढत सरळ करायचा. गच्चीकडे जाणाऱ्या अकरा पायऱ्या तो पूर्वी तीन उड्यांत चढत असे. आता चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबून आमच्याकडे बघू लागला. पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढले आणि खुब्याच्या सांध्यांची झीज झाल्याचे सांगितले. वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या.

त्याच सुमारास एका स्नेह्यांनी आम्हाला एक माहितीपत्रक आणून दिले. विषय होता पाळीव प्राण्यांसाठी अ‍ॅक्युपंक्चर. पहिल्याच ओळीत लिहिले होते, की ही विद्या तीन हजार वर्षांहून जुनी असून प्राचीन काळी घोड्यांवर आणि हत्तींवर ती वापरली जात असे. आम्ही संशोधन करून पोट भरणारी माणसे. तरीही ती ओळ वाचून मनात आले, की इतकी वर्षे टिकलेल्या गोष्टीत काहीतरी तथ्य असणारच. मोत्याला आम्ही सुया टोचून घेतल्या. त्याचे काय झाले ते पुढे सांगू. आधी त्या तीन हजार वर्षांची चौकशी करू, कारण आमचा निर्णय खरे म्हणजे त्या आकड्याने घेतला होता.

बो ल याचे घोडे

प्राण्यांच्या अ‍ॅक्युपंक्चरचा इतिहास सांगताना एक नाव हटकून येते. ते म्हणजे बो ल. चीनमधल्या छिन राज्याचा राजा मू याच्या पदरी, म्हणजे इ. स. पूर्व सातव्या शतकात, हा घोड्यांचा मोठा पारखी होऊन गेला असे परंपरा सांगते. घोड्याकडे नुसते पाहून तो किती धावेल हे बो ल ओळखत असे. चिनी भाषेत आजही गुणी माणूस हेरणाऱ्याला ‘बो ल’ म्हणतात. त्याच्या नावावर घोड्यांच्या सुई-उपचाराचा एक ग्रंथ सांगितला जातो आणि त्यावरूनच ही विद्या अडीच-तीन हजार वर्षांची ठरवली जाते.

आता हा ग्रंथ आहे कुठे? तो आपल्याला भेटतो ‘सिमू आनजी जी’ नावाच्या अश्ववैद्यकाच्या संग्रहात. हा संग्रह तांग राजवटीतल्या ली शी याच्या नावावर आहे, म्हणजे इ. स. नवव्या शतकातला. आज हाती असलेल्या त्याच्या प्रती तर त्याहूनही बऱ्याच नंतरच्या आहेत. बो ल आणि त्याच्या नावावरचा मजकूर यांच्यात असे निदान पंधराशे वर्षांचे अंतर पडते. जुन्या काळी नव्या ग्रंथाला वजन यावे म्हणून तो एखाद्या थोर पूर्वजाच्या नावावर घालण्याची पद्धत होती. आपल्याकडेही अश्वशास्त्रावरचे कितीतरी ग्रंथ शालिहोत्राच्या नावावर आहेत. त्यात फसवणूक होती असे नाही. मात्र अशा नावावरून ग्रंथाचे वय काढता येत नाही.

त्यानंतरचा महत्त्वाचा ग्रंथ १६०८ सालचा. यू बेनयुआन आणि यू बेनहेंग या दोन भावांनी घोड्यांच्या रोगांवर ‘युआन हंग ल्याओ मा जी’ हे पुस्तक लिहिले. दोघेही घोडे, बैल बरे करणारे व्यवसायी होते. पुस्तकात पाठ करायला सोपी पद्ये आहेत, घोड्यांची चित्रे आहेत आणि त्या चित्रांवर टोचण्याच्या जागा दाखवल्या आहेत. चीनमधल्या पशुवैद्यांच्या कित्येक पिढ्या या पुस्तकावर शिकल्या.

‘टोचणे’ म्हणजे नेमके काय?

घोड्याचे चित्र, त्यावर खुणा आणि बाजूला ‘सुई’ हा शब्द. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच केसासारख्या बारीक सुया येतात. परंतु चिनी भाषेतल्या ‘झेन’ या शब्दाचा अर्थ पूर्वी बराच ऐसपैस होता. टोचायचे कोणतेही टोकदार हत्यार म्हणजे झेन. चिनी पशुवैद्यकात सुईचे तीन प्रकार मानत. एक, रक्त न काढता टोचायची ‘पांढरी सुई’. दुसरी, शीर फोडून रक्त काढायची ‘रक्त-सुई’. ही चांगली रुंद पात्याची असे. तिसरी, तापवून लाल केलेली ‘अग्नी-सुई’. म्हणजे रक्त काढणे आणि डागणे हे दोन्ही उपचार ‘सुई’ याच शब्दात सामावलेले होते.

२००१ साली रॉबर्ट इमरी, डेव्हिड रेमी, पॉल ब्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या दाव्यांची तपासणी प्रसिद्ध केली. यातले रेमी हे घोड्यांचे डॉक्टर आणि ब्यूएल हे इतिहासाचे अभ्यासक. त्यांचा निष्कर्ष असा, की जुन्या अश्वग्रंथांत ज्याला सुई-उपचार म्हटले आहे ते प्रामुख्याने रक्त काढणे आणि डागणे आहे. आज ज्याला आपण अ‍ॅक्युपंक्चर म्हणतो, म्हणजे शरीरातल्या ठराविक वाहिन्यांमधून ‘ची’ नावाची शक्ती वाहते आणि बारीक सुईने तिचा प्रवाह ठीक करता येतो, ती पद्धत प्राचीन काळी प्राण्यांवर वापरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

याचा ताळा युरोपातल्या जुन्या पुस्तकांशीही पाहता येतो. मध्ययुगातल्या आणि त्यानंतरच्या युरोपीय अश्ववैद्यकात अगदी अशीच चित्रे आहेत. घोडा आडवा उभा, अंगावर ठिकठिकाणी खुणा, प्रत्येक खुणेपासून एक रेघ आणि बाजूला रोगाचे नाव. ती चित्रे रक्त कुठून काढायचे ते दाखवतात. त्यांना कोणी अ‍ॅक्युपंक्चर म्हणत नाही. आपल्याकडच्या अश्ववैद्यकातही शिरा फोडून रक्त काढण्याचा उपचार आहे. घोडा हे लढाईचे आणि वाहतुकीचे मुख्य साधन होते, तो लंगडला की राज्याचे अडत असे. मग चीन असो, ग्रीस असो की भारत, लोकांनी हाताशी होते ते केले. हत्यार टोचले, रक्त काढले, डाग दिला. बैलाचा खांदा सुजला किंवा पाय लंगडला की त्या जागी डागण्याची रीत आपल्या खेड्यांतून अनेकांनी पाहिली असेल.

डागण्याच्या उपचाराची पुढची कथाही सांगण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांचे स्नायुबंध दुखावले की तापलेल्या लोखंडाने डागत असत. हा उपचार शेकडो वर्षे चालला आणि जाणते लोक त्याची खात्री देत. ब्रिस्टलच्या संशोधकांनी स्नायुबंध कसे भरून येतात याचा पद्धतशीर अभ्यास करून १९८३ साली अहवाल दिला. डागल्यामुळे ते लवकर किंवा अधिक चांगले भरून येतात असे दिसले नाही. मग घोडे बरे कशाने होत होते? डागल्यावर घोड्याला बरेच महिने विश्रांती मिळत असे, आणि विश्रांती हाच दुखावलेल्या पायाचा मोठा उपचार! दीर्घकाळ टिकलेली गोष्ट खरी असतेच असे नाही, हे यावरून कळते.

हत्तीची गोष्ट

माहितीपत्रकातल्या दुसऱ्या प्राण्याकडे वळू. श्रीलंकेत तीन हजार वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ सापडला असून त्यात हत्तींच्या अ‍ॅक्युपंक्चरचे वर्णन आहे, असे वाक्य या विषयावरच्या अनेक पुस्तकांत आढळते. एका पुस्तकातून ते दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. मात्र ग्रंथाचे नाव काय, तो कोणत्या लिपीत आहे, कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे, हे ती पुस्तके सांगत नाहीत. श्रीलंकेतले माहूत हत्तीच्या अंगावरच्या काही जागा पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात हे मात्र खरे आहे. त्या जागांना ते ‘नील’ म्हणतात. अमुक जागी अंकुश टेकवला की हत्ती बसतो, अमुक जागी टेकवला की थांबतो. हा हत्तीला हाकण्याचा नकाशा आहे, त्याला बरे करण्याचा नव्हे. पण अंगभर ठिपके काढलेला हत्ती पाहून एखाद्याचा घोटाळा होणे सहज शक्य आहे.

हत्तींच्या वैद्यकाचा खरा मोठा ग्रंथ आपल्या जवळच छापला गेलेला आहे. पालकाप्य मुनींच्या नावावरचा ‘हस्त्यायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली प्रसिद्ध केला. अंगदेशाचा राजा रोमपाद आणि पालकाप्य यांच्या संवादातून त्यात हत्तींचे रोग व उपचार सांगितले आहेत. महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशी त्याची चार स्थाने आहेत. शस्त्रकर्मासाठी एक अख्खा विभाग देणारा हा ग्रंथ आहे. तरीही ‘ची’ आणि तिच्या वाहिन्या त्यात नाहीत, कारण तो विचारच चीनमधला आहे. काही लेखक आपल्याकडच्या मर्मांचे नाते अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूंशी लावतात. पण सुश्रुताने माणसाच्या शरीरात १०७ मर्मे सांगितली ती शस्त्र चालवताना जपायच्या जागा म्हणून. तिथे इजा झाली तर जिवाला धोका. सुई खुपसण्यासाठी शोधलेली जागा आणि जिथे हत्यार लागू द्यायचे नाही ती जागा, या दोन्ही एकच कशा असतील?

सुई बारीक कशी झाली?

माणसांच्या अ‍ॅक्युपंक्चरचा इतिहास तरी सरळ आहे का? १९७३ साली चीनमधल्या मावांगदुई येथे एक थडगे उघडले. ते इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केले गेले होते. त्यात रेशमावर लिहिलेला वैद्यकविषयक मजकूर मिळाला. त्यात शरीरातल्या अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, शेक व डाग देण्याचा उपचार आहे. पण या वाहिन्यांवर सुया टोचण्याचा उल्लेख नाही. त्यानंतर साधारण शंभर वर्षांच्या आतबाहेर ‘पीत सम्राटाचा वैद्यकग्रंथ’ तयार झाला आणि त्यात सुई-उपचाराची सविस्तर मांडणी दिसते. इ. स. पूर्व ११३ मध्ये वारलेल्या ल्यू शंग या राजपुत्राच्या थडग्यात सोन्याच्या आणि चांदीच्या सुयाही सापडल्या आहेत. म्हणजे माणसांच्या बाबतीत सुई-उपचार सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे असे म्हणायला आधार आहे. तीन हजार म्हणायला तो नाही.

ही दोन हजार वर्षेही एकसारखी गेली नाहीत. १८२२ साली चिनी सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर काढून टाकले. १९२९ साली तर तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारपुढे सगळे पारंपरिक वैद्यकच बंद करण्याचा ठराव आला. वैद्यांनी मोठी चळवळ केली, तेव्हा तो बारगळला. या पडत्या काळात चंग दान-आन नावाच्या वैद्याने सुई-उपचाराची नवी घडी बसवली. त्याने पाश्चात्त्य शरीररचनाशास्त्र अभ्यासले, टोचण्याच्या जागा रक्तवाहिन्यांपासून दूर नेल्या, रक्त काढणे मागे टाकले आणि जाड हत्यारांऐवजी बारीक सुया वापरण्यावर भर दिला. आज आपण ज्या सुया पाहतो त्यांचे रूप अशा रीतीने बरेचसे १९३० च्या दशकातले आहे. १९५० नंतर माओच्या सरकारने डॉक्टरांची टंचाई भरून काढण्यासाठी पारंपरिक वैद्यकाला आश्रय दिला आणि त्याचे एकसारखे अभ्यासक्रम बनवले.

इथे महाराष्ट्राचा एक धागा येतो. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. डॉ. कोटणीसांचे काम जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्याचे. ते १९४२ साली तिथेच वारले. डॉ. बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. कोटणीसांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांमधून त्याचा पुढे प्रसार झाला. म्हणजे भारतात आजचे अ‍ॅक्युपंक्चर आले ते आपल्या पूर्वजांकडून नव्हे, तर १९५० नंतरच्या चीनकडून.

अमेरिकेत ते पोचले १९७१ साली. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीचे भुलीचे औषध देऊन झाली. नंतर पोटात अस्वस्थ वाटू लागले तेव्हा सुया टोचल्या गेल्या. रेस्टन यांनी २६ जुलैच्या अंकात हा अनुभव लिहिला. पुढे लोकांच्या तोंडी मात्र गोष्ट अशी झाली, की शस्त्रक्रियाच सुया टोचून केली! फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची लाट आली. त्याच लाटेत १९७४ साली प्राण्यांच्या अ‍ॅक्युपंक्चरची आंतरराष्ट्रीय संघटना अमेरिकेत स्थापन झाली. कुत्र्या-मांजरांवर आज जे सुई-उपचार होतात त्यांचा खरा जन्म याच काळातला. म्हणजे वय सुमारे अर्धे शतक.

माणसाचा नकाशा कुत्र्यावर

या नव्या पशुवैद्यांपुढे एक अडचण होती. चिनी परंपरेत घोडा, बैल, उंट, डुक्कर अशा कामाच्या प्राण्यांचे नकाशे होते. घरात लाडाने पाळलेली कुत्री-मांजरे त्यात जवळजवळ नव्हतीच. शिवाय जुन्या अश्वग्रंथांत सुट्या जागा होत्या. माणसाच्या शरीरात कल्पिलेल्या वाहिन्यांचे जाळे घोड्यावर नव्हते. तेव्हा माणसाचा नकाशा घेतला आणि तो ताणून-वाकवून प्राण्यांच्या अंगावर बसवला.

शिक्षकांना यातली गंमत लगेच कळेल. माणसाच्या नकाशात फुप्फुसाची वाहिनी अंगठ्याशी संपते आणि मोठ्या आतड्याची तर्जनीपाशी सुरू होते. घोड्याच्या पायाला बोट एकच. मग उरलेल्या वाहिन्या कुठे न्यायच्या? त्याहून अवघड प्रश्न पित्ताशयाचा. माणसाच्या नकाशात पित्ताशयाची स्वतंत्र वाहिनी आहे आणि ती घोड्यांच्या आधुनिक नकाशांतही काढलेली असते. पण घोड्याला पित्ताशय नसतेच! हत्तीलाही नसते. यावरून एवढेच म्हणता येते, की तो नकाशा घोड्याचे निरीक्षण करून काढलेला नाही.

सुई टोचल्यावर काय होते?

इतिहास चुकीचा निघाला म्हणून उपचार निरुपयोगी ठरत नाही. जुनी विद्या म्हणून ती खरी मानणे जसे चूक, तसेच तिचे वय खोटे निघाले म्हणून ती टाकून देणेही चूक. तिची परीक्षा वेगळी व्हायला हवी.

सुई टोचल्याचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असे नाही. १९७५ साली शरीरात तयार होणारे, अफूच्या जातीचे वेदनाशामक पदार्थ सापडले. पुढच्याच वर्षी कॅनडात पोमेरान्झ आणि च्यू यांनी उंदरांवर प्रयोग केले. सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाह दिल्यावर उंदरांची वेदना कमी झालेली दिसली. मग त्यांनी नॅलोक्सोन दिले. अफूचा परिणाम रोखणारे हे औषध. ते दिल्यावर सुयांचा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे सुयांमुळे मेंदूत आणि मज्जारज्जूत हे पदार्थ बाहेर पडत असले पाहिजेत.

असाच एक शोध घोड्यांबाबत लागला. घोडा आवरेनासा झाला की त्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळतात, म्हणजे तो शांत उभा राहतो. १९८४ साली हॉलंडमधल्या संशोधकांनी दाखवले, की ओठ पिळताना घोड्याच्या रक्तात एंडॉर्फिन वाढते. म्हणजे शरीराची ही सोय बोचणे, पिळणे अशा वेगवेगळ्या कारणांनी जागी होते. २०२१ साली उंदरांवर झालेल्या एका कामात असे दिसले, की मागच्या पायातल्या विशिष्ट चेतातंतूंना सौम्य विद्युतप्रवाहाने चेतवले तर शरीरातला दाह कमी होतो. पोटावर तोच प्रवाह दिला तर तसे होत नाही. कारण ते चेतातंतू तिथे नसतात. म्हणजे जागेला महत्त्व असू शकते, पण त्याचे स्पष्टीकरण चेतातंतूंच्या रचनेत आहे, ‘ची’च्या वाहिन्यांत नाही.

परंतु प्रयोगशाळेतल्या उंदराची वेदना अर्धा तास कमी होणे आणि म्हाताऱ्या कुत्र्याची संधिवाताची वेदना महिनोन्‌महिने कमी राहणे यांत फार अंतर आहे.

बोलू न शकणारा रुग्ण

पुष्कळ लोक म्हणतात, ‘माणसाला मनाच्या समजुतीने बरे वाटेल, पण कुत्र्याला काय ठाऊक, आपल्याला काय टोचले?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. आम्हालाही वाटला होता. पण कुत्र्याला बरे वाटते आहे हे सांगतो कोण? मालक किंवा डॉक्टर. आणि त्या दोघांना तर सारे ठाऊक असते.

इथे बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ घोड्याची आठवण होते. १९०४ च्या सुमारास हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो म्हणून गाजत होता. ऑस्कर फुंगस्ट याने १९०७ साली दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यातला आणि मानेतला बारीकसा बदल पाहून घोडा थांबत असे. हान्सच्या मालकाला कुणाला फसवायचे नव्हते, तो स्वतःच फसला होता.

संधिवाताच्या कुत्र्यांबाबत हे मोजलेले आहे. २०१२ साली कॉन्झेमियस आणि एव्हान्स यांनी ५८ लंगड्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांना औषध म्हणून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या. कुत्रा पाय टाकताना जमिनीवर किती भार देतो ते मोजणाऱ्या पट्टीवरून त्यांना चालवले. पट्टी सांगत होती, की फरक पडलेला नाही किंवा दुखणे वाढले आहे. तरीही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना सुधारणा दिसली. पशुवैद्यांचे प्रमाणही साधारण तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच निघाले.

मग सुयांची परीक्षा अशा पट्टीवर केली तर? २००६ साली कापटकिन आणि सहकाऱ्यांनी कोपराचा संधिवात असलेल्या ९ कुत्र्यांवर विद्युत-अ‍ॅक्युपंक्चर करून पाहिले. पायावरच्या भारात फरक आढळला नाही. अर्थात ९ हा आकडा लहान आहे. त्याच वर्षी हाबाखर, पिटलर आणि अर्न्स्ट यांनी तोवर झालेले प्राण्यांवरचे नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले. यादृच्छिक वाटणी केलेले १४ आणि न केलेले १७. बहुतेकांची मांडणी कच्ची होती. कोणत्याही रोगासाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवावे किंवा नाकारावे असा ठाम पुरावा नाही, मात्र काही बाबतींत पुढे शोध घ्यावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. मणक्याची चकती सरकून मागचे पाय लुळे पडलेल्या ४० कुत्र्यांवरच्या ब्राझीलमधल्या २०१० सालच्या अभ्यासात सुया लावलेली कुत्री अधिक संख्येने सुधारलेली दिसली. पण कोणत्या कुत्र्याला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. त्यामुळे फरक सुयांचा की कुत्र्यांच्या निवडीचा हे सांगता येत नाही.

मोत्याच्या पायऱ्या

आता मोत्याचे सांगतो. आठवड्यातून एकदा अशा सहा वेळा त्याला सुया टोचल्या. तो शांत पडून राही. तिसऱ्या खेपेनंतर घरात सर्वांचे एकमत झाले, की मोत्या सुधारतो आहे. त्याचे डोळे चमकदार दिसतात, शेपटी जास्त हलते. गोळ्यांनी त्याचे पोट बिघडेल ही धास्ती होतीच. तेव्हा पशुवैद्यांना न विचारता आम्ही गोळ्या बंद केल्या.

आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. मोत्या रोज सकाळी न थांबता किती पायऱ्या चढतो ते ती कॅलेंडरवर लिहून ठेवत असे. तिला कुणी सांगितले नव्हते, तिचा तो आपला खेळ होता. सहाव्या खेपेनंतर तिने कॅलेंडर आमच्यापुढे धरले. सुया सुरू होण्याआधी, गोळ्या चालू असताना, आकडे होते सहा, सात, सहा, सात. सुया आणि गोळ्या दोन्ही असतानाही तेच. आणि गोळ्या बंद केल्यानंतरच्या तीन आठवड्यांत पाच, चार, चार, तीन. आम्ही ज्याला सुधारणा म्हणत होतो त्या काळात त्याचे दुखणे वाढत गेले होते. तो कण्हला नाही. कुत्री सहसा कण्हत नाहीत. आम्ही त्याच्या शेपटीकडे पाहत राहिलो.

सुयांनी मोत्याला अपाय केला नाही. अपाय केला तो आमच्या खात्रीने. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्याचे खाणे मोजून वजन उतरवले, आणि आकडे पुन्हा सातवर आले. वजनाचे महत्त्व सिद्ध झालेले आहे. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात पंचवीस टक्के कमी खाणे दिलेल्या कुत्र्यांना संधिवात उशिरा झाला आणि ती जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली. मात्र वेदनाशामक गोळी पशुवैद्यांनी दिलेलीच द्यावी. माणसांसाठीचे आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरते आणि पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते.

वर्गात करून पाहा

हा धडा वर्गात सहज घेता येईल. एखाद्या कुत्र्याच्या किंवा बैलाच्या चालण्याची मोबाइलवर दोन चित्रणे घ्या, दोन्ही एकाच दिवसाची. अर्ध्या वर्गाला सांगा, की पहिले उपचारापूर्वीचे आणि दुसरे उपचारानंतरचे. उरलेल्या अर्ध्या वर्गाला क्रम उलटा सांगा. मग प्रत्येकाला चालण्याला दहापैकी गुण द्यायला लावा आणि सरासरी काढा. नंतर तीच चित्रणे काही न सांगता दुसऱ्या तुकडीला दाखवा आणि पावलांमधले अंतर पट्टीने मोजायला लावा. दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. चर्चा मुलेच करतील. ज्यांचे गुण चुकले त्यांना हसू देऊ नका. पशुवैद्य चुकतात, आम्हीही चुकलो.

एखादा विद्यार्थी विचारील, की मग अ‍ॅक्युपंक्चर खरे की खोटे? त्याला सांगावे, की प्रश्न थोडा बदलून विचार. कोणत्या प्राण्याला, कोणत्या दुखण्यावर, कशाशी तुलना करून, आणि मोजले कुणी? याची उत्तरे काही बाबतींत मिळाली आहेत, काही बाबतींत मिळायची आहेत. ‘तीन हजार वर्षे’ हे मात्र त्यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही.

मोत्या पुढे दीड वर्ष जगला. ते कॅलेंडर मुलीने अजून जपून ठेवले आहे.